अवकाशावरचा सरकारी खर्च सार्थकी लागतो का? सोलापुरात बसून हिशेब तपासण्याची रीत

रॉकेट उडालं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "देशाची मान उंचावली." दुसरं, "इथे नळाला काही दिवसांआड पाणी, आणि हे चंद्रावर पाणी शोधतात." दोन्ही मनापासून बोलली जातात, पण दोन्हींच्या मागे आकडा नसतो. खाली दिलेली रीत वादविवाद स्पर्धेला उतरणाऱ्या मुलांना, त्यांच्या शिक्षकांना आणि वाचनालयात किंवा पारावर हा विषय काढणाऱ्या कुणालाही वापरता येईल. लागतं फार थोडं: इंटरनेट असलेला मोबाइल (संगणक असला तर उत्तम), एक वही, कॅल्क्युलेटर आणि तीन-चार निवांत संध्याकाळी.

आमचं मत आधीच सांगतो, म्हणजे वाचताना ते ताडून पाहता येईल. हवामान, शेती, पूर आणि संदेशवहन यांसाठीच्या उपग्रहांवरचा खर्च सार्थ आहे. चंद्र-मंगळाच्या मोहिमांचा खर्च लोक समजतात त्यापेक्षा खूपच कमी आहे आणि तो करावा. माणूस पाठवण्याच्या खर्चाला मात्र अजून पुरेशी उत्तरं मिळालेली नाहीत. आणि सगळ्यात मोठी गळती श्रीहरिकोट्यात होत नाही, ती उपग्रहाचं चित्र आणि शेताचा बांध यांच्या मधल्या अंतरात होते.

आधी प्रश्न नीट मांडा

"अवकाशावर खर्च करावा का?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात पाच वेगळे खर्च एकत्र झाले आहेत: प्रक्षेपक म्हणजे रॉकेट बनवणं, पृथ्वीकडे पाहणारे उपग्रह, संदेशवहन व दिशादर्शन, विज्ञानमोहिमा आणि मानवी उड्डाण. वहीत पाच पानं करा आणि प्रत्येक पानाचा निकाल वेगळा लिहा. एका पानाचा निकाल दुसऱ्या पानावर नेला की वाद भरकटतो. चांद्रयानाच्या समर्थनार्थ चक्रीवादळाच्या इशाऱ्याचं उदाहरण देणारे आणि गगनयानाच्या, म्हणजे माणूस अवकाशात पाठवण्याच्या मोहिमेच्या, खर्चावरून हवामान उपग्रहांना नावं ठेवणारे, दोघंही हीच चूक करतात.

आकडा मुळातून काढा

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि त्याच दिवशी इंडियाबजेट डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर सगळी कागदपत्रं येतात. त्यात खर्चाच्या अंदाजपत्रकात मंत्रालयवार मागण्या असतात. हिंदी प्रतीत 'अंतरिक्ष विभाग' असं शोधा. मागणीचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून नावानेच शोधलेलं बरं. पान उघडल्यावर चार रकाने दिसतील: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. प्रत्येकात महसुली, भांडवली आणि एकूण अशी फोड असते.

बातमीत येतो तो मूळ अंदाज. खर्च तेवढाच होतो असं मुळीच नाही. २०२०-२१ साठी अवकाश विभागाला सुमारे १३,४७९ कोटी रुपये ठरवले होते, प्रत्यक्षात खर्च झाले सुमारे ९,४७४ कोटी. कोविडच्या वर्षात मोहिमा थांबल्या, हे त्यामागचं मोठं कारण. २०२२-२३ मध्येही १३,७०० कोटींचा अंदाज सुधारित आकड्यात १०,५३० कोटींवर आला. म्हणून "किती दिले" आणि "किती वापरले" हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. पैसे परत जाणं हीसुद्धा चौकशी करण्याजोगी बाब आहे. अवकाश विभागाच्या मागण्या तपासणारी संसदेची स्थायी समिती दरवर्षी त्यावर अहवाल देते, तो संसदेच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतो.

आता तीन ठिकाणी पाय घसरतो, तिथे सावध राहा.

पहिलं, मंत्रिमंडळाने मंजूर केलेली रक्कम एका वर्षाची समजणं. गगनयानाचा २०,१९३ कोटींचा आकडा अनेक वर्षांचा आहे. तो एका वर्षाच्या तरतुदीशी ताडला तर विभागाच्या सगळ्या पैशांपेक्षा एकच मोहीम मोठी दिसते आणि हिशेब कोलमडतो.

दुसरं, शून्यांची चूक. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्य. डॉलरमधला आकडा रुपयात आणताना अब्ज, दशलक्ष आणि कोटी यांची गल्लत फार होते. १ अब्ज डॉलर हे रुपयात काही हजार कोटी होतात, काही लाख कोटी नव्हेत. एवढी खूण लक्षात ठेवली तरी निम्म्या चुका टळतात.

तिसरं, दुसऱ्या खात्याचा खर्च विसरणं. १७ फेब्रुवारी २०२४ ला उडालेल्या इन्सॅट-३डीएस या हवामान उपग्रहाचा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला, तो अवकाश विभागाच्या पानावर दिसणार नाही. उपग्रहाचा फायदा मोजताना हा खर्चही मोजायला हवा.

माणशी किती, जिल्ह्यामागे किती

उदाहरणासाठी २०२५-२६ चा मूळ अंदाज घेऊ: १३,४१६.२० कोटी रुपये. त्याच वर्षी केंद्राचा एकूण खर्चाचा अंदाज ५०,६५,३४५ कोटी. भागाकार केला तर ०.२६५ टक्के येतो. म्हणजे सरकार १०० रुपये खर्च करतं, त्यात सव्वीस पैसे अवकाशाचे. लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी वर्षाला सुमारे ९६ रुपये.

सोलापूर जिल्ह्याचा वाटा काढताना मात्र काळजी घ्या. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. तिला ९६ ने गुणलं तर ४१ कोटींच्या आसपास आकडा येतो, आणि तो चुकीचा आहे. कारण जिल्ह्याचा आकडा २०११ चा आणि देशाचा आजचा. दोन्ही एकाच जनगणनेतले घ्या. देश तेव्हा १२१.०९ कोटी, म्हणजे सोलापूरचा हिस्सा ०.३५६६ टक्के. १३,४१६ कोटींचा एवढा हिस्सा म्हणजे जवळपास ४८ कोटी. अकरा तालुक्यांत वाटला तर तालुक्याला वर्षाकाठी सव्वाचार कोटींच्या थोडं वर. वादात उभं राहताना हाच आकडा सर्वांत उपयोगी पडतो, कारण तालुक्यात सव्वाचार कोटींत काय होतं आणि काय होत नाही याचा अंदाज ऐकणाऱ्याला असतो.

तुलना करायची ती त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या आकड्याशी. २०२५-२६ च्या मूळ अंदाजात खतांचं अनुदान सुमारे १,६७,८८७ कोटी होतं, म्हणजे अवकाशाच्या साडेबारा पट. रोजगार हमीला ८६,००० कोटी, साडेसहा पटीच्या जवळ. पीएम किसान ६३,५०० कोटी, पावणेपाच पट. कर्जावरचं व्याज १२,७६,३३८ कोटी. दिवसाला साडेतीन हजार कोटी व्याज धरलं तर अवकाशाचा अख्ख्या वर्षाचा खर्च चार दिवसांच्या व्याजातही बसतो.

पण इथेच थांबू नका. "रक्कम लहान आहे" हे ती सार्थ असल्याचा पुरावा होत नाही. लहान रक्कमही वाया जाऊ शकते. या आकड्यांनी एवढंच सिद्ध होतं की अवकाशाचे पैसे बंद केले तरी रस्ते, पाणी आणि दवाखाने यांची मोठी तूट भरून निघणार नाही. शहराच्या पाण्याचंच घ्या. उजनी धरणापासून सोलापूर सुमारे ११० किलोमीटर. समांतर जलवाहिनीचं काम इतकी वर्षं का रेंगाळलं, हे महापालिकेच्या आणि स्मार्ट सिटीच्या कागदांत पाहा आणि प्रत्येक अडथळ्यापुढे लिहा: इथे पैसा कमी पडला, की जागा, ठेका, परवानगी? जिथे पैसा हे कारणच नव्हतं, तिथे रॉकेटशी तुलना करण्यात अर्थ नाही.

फायदा डोळ्यांनी पाहा

हा भाग सगळ्यात जास्त वेळ घेतो, आणि तो टाळू नये अशी आमची आग्रहाची विनंती आहे. उपग्रहाचा उपयोग होतो असं म्हणणाऱ्याला तो करून दाखवता आला पाहिजे. सुरुवात उजनीपासून करा.

१. कोपर्निकस ब्राउझर उघडा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं इथे फुकट पाहता येतात, नोंदणी न करताही. साधारण पाच दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र येतं.

२. नकाशा भीमानगर, करमाळा, इंदापूर या पट्ट्यावर आणा. ढगांचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली ठेवा. पहिली तारीख मे २०२४ मधली निवडा. त्या उन्हाळ्यात उजनी वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे उपयुक्त साठा संपून तळाच्या मृतसाठ्यातलं पाणीही उतरलं होतं. दुसरी तारीख त्याच वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली घ्या.

३. थरांमधून पाण्याचा निर्देशांक, म्हणजे एनडीडब्ल्यूआय निवडा. हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यातून जवळचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा) पट्टा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, असं त्याचं गणित. पाणी अवरक्त किरण शोषून घेतं, म्हणून पाण्यावर उत्तर बहुधा शून्याच्या वर येतं आणि झाडोऱ्यावर खाली.

४. क्षेत्र मोजण्याचं साधन घेऊन दोन्ही तारखांना पाण्याच्या कडेने रेघ ओढा आणि चौरस किलोमीटर लिहून घ्या.

यात चुका कुठे होतात ते सांगतो. बॅकवॉटरला जलपर्णी असली तर ती पानांसारखीच अवरक्त किरण परत फेकते, त्यामुळे तिथे पाणी असूनही चित्रात ते दिसत नाही आणि क्षेत्र कमी भरतं. ढगाची सावली उलट काम करते, कोरडी जमीन पाण्यासारखी दाखवते. आणि मोठी गोष्ट: तुम्ही मोजलं ते पसरलेलं क्षेत्र, साठा नव्हे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला मृतसाठा ६३.६६ आणि उपयुक्त ५३.५७. क्षेत्रावरून टीएमसी काढायला पातळीनुसारचा तक्ता लागतो, आणि तळाला गाळ साचला की तो तक्ताही जुना होतो. म्हणून "चित्रावरून धरणात इतके टीएमसी" असं थेट म्हणू नका.

यानंतर शेतावर या. सेंटिनेल-२ च्या चित्रातली एक चौकट १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. ही खूण फार कामाची आहे. इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरच्या लिस-४ कॅमेऱ्याची चौकट ५.८ मीटरची, एक तृतीयांश गुंठ्याची. लिस-३ ची २३.५ मीटर, साडेपाच गुंठ्यांची. ॲविफ्स कॅमेऱ्याची ५६ मीटर, एकतीस गुंठ्यांची. इन्सॅट-३डी मालिकेच्या हवामान उपग्रहांची अवरक्त चौकट ४ किलोमीटरची, तिच्यात एक-दोन गावांचं शिवार सहज मावतं.

आता हिशेब करा. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, चौरस धरला तर बाजू ४५ मीटर. सेंटिनेलच्या चित्रात तो साधारण पाच बाय पाच चौकटींत बसेल, आणि त्या २५ चौकटींपैकी १६ कडेच्या. कडेच्या चौकटीत शेजाऱ्याचा बांध, लिंबाचं झाड, पायवाट हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून अर्ध्या एकराच्या डाळिंबाच्या बागेचा हिरवेपणा उपग्रहावरून ठरवू नका. माळशिरस-पंढरपूर पट्ट्यातला सलग पाच-दहा एकरांचा ऊस मात्र चांगला दिसतो. साखर कारखान्यांची देशपातळीवरची संघटना, इस्मा, उसाच्या क्षेत्राचा अंदाज उपग्रह चित्रांवरून काढते, ते याचमुळे शक्य होतं. सांगोल्याच्या डाळिंबाचं तसं सोपं नाही. झाडांच्या ओळींमधली मोकळी जमीन चौकटीत मिसळते आणि बाग आहे त्यापेक्षा विरळ दिसते.

भारतीय चित्रांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची दोन दालनं आहेत. 'भुवन'वर तयार नकाशे मिळतात: जमिनीचा वापर, जलसाठे, पडीक जमीन. 'भूनिधी'वर नोंदणी करून मूळ चित्रं उतरवता येतात. भूजल कुठे लागण्याची शक्यता आहे याचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही याच केंद्राने पेयजल कार्यक्रमासाठी केले. अशा नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. गावात कोणत्या अंगाला विहीर-बोअर घ्यावी याचा अंदाज त्यावरून येतो, पण नेमका पॉइंट ठरवायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा माणूस शिवारात यावा लागतो. नकाशावर बोट ठेवून बोअर मारल्यास पैसे बुडण्याची शक्यता पुष्कळ.

पावसाळ्यात हे सगळं अडतं. साधा कॅमेरा ढगाच्या आरपार पाहत नाही, आणि पूर तर ढगांतच येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, अशा वेळी रडार असलेला उपग्रहच उपयोगी. इस्रोचा ईओएस-०४ (प्रक्षेपण १४ फेब्रुवारी २०२२) त्या प्रकारचा. ३० जुलै २०२५ ला उडालेला निसार हा नासा आणि इस्रोचा एकत्र उपग्रह दर १२ दिवसांनी तीच जागा रडारने पाहण्यासाठी बनवला आहे. एकूण खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर, त्यात इस्रोचा वाटा ७८८ कोटी रुपये. भारताच्या माणशी हिशेबात साडेपाच रुपये. या एका व्यवहाराबद्दल आमच्या मनात शंका नाही.

श्रेय वाटताना हात आखडता ठेवा

प्रत्येक फायद्यापुढे एक प्रश्न लिहायचा: उपग्रह नसता तर काय झालं असतं? उत्तर "काहीच फरक पडला नसता" असेल तर तो फायदा खोडा.

विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप अनेक शेतकरी वापरतात आणि त्याचं श्रेय उपग्रहाला देतात. दामिनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे आणि ते जमिनीवर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यावर चालतं. खोडा. डीडी फ्री डिशचं उलट आहे. ती इस्रोच्या जीसॅट-१५ वरून येते, केबल न पोचलेल्या वाडीवर महिन्याचं भाडं न भरता दिसते. लिहा.

चक्रीवादळाचं उदाहरण अर्धं लिहा. १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली, २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासहून कमी. उपग्रहाने वादळ आधी दाखवलं हे खरं. पण किनाऱ्यावरची रडारं, निवारे आणि लाखो लोकांना हलवणारं प्रशासन नसतं तर चित्र पाहून माणसं वाचली नसती. १९९९ मध्येही उपग्रह होतेच.

"युरोपची चित्रं फुकट मिळतात, मग आपण खर्च का करायचा?" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात आहे. रशियाकडून क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाचं तंत्रज्ञान घेण्याचा करार १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाने कापला गेला. स्वतःचं इंजिन घेऊन जीएसएलव्ही हे जड उपग्रह नेणारं रॉकेट यशस्वी व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडलं. दोन दशकं गेली. जे आज फुकट आहे ते उद्या बंद झालं तर किती वर्षं लागतील, त्याची किंमत म्हणून हा खर्च पाहावा. मात्र हा मुद्दा प्रत्येक उपग्रहाला लावता येत नाही. ज्याचा पर्याय चार देशांकडून सहज मिळतो, तिथे तो कमकुवत पडतो.

फायदा यायला किती वर्षं लागतात तेही नोंदवा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट दूरदर्शन दाखवलं गेलं. त्यात आपल्या शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा जिल्हे होते. त्या वर्षी हिशेब केला असता तर सगळा खर्चच दिसला असता. देशभर दूरदर्शन पसरलं ते १९८३ च्या इन्सॅट-१बी नंतर. उपग्रहांचा निकाल दहा वर्षांच्या आत लावू नये.

कारखान्यांना मिळालेलं कामही फायद्यातच येतं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी माळशिरसला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची घन इंधनाची आवरणं बनतात, चांद्रयान-३ च्या प्रक्षेपकासाठीही बनली. एवढ्या अचूकतेचं वेल्डिंग आणि उष्णतेची प्रक्रिया शिकलेले कारागीर पुढे इतर उद्योगांतही जातात.

याच संदर्भात २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासातला "एका रुपयाचे अडीच रुपये" (नेमकं २.५४) हा आकडा तुम्हाला ऐकवला जाईल. तो फेकून देऊ नका, पण तसाच गिळूही नका. असा आकडा अर्थव्यवस्थेत फिरलेला एकूण पैसा मोजतो. तोच रुपया जलसिंचनात घातला असता तर किती फिरला असता, हे त्यात नसतं. शेजारी दुसऱ्या क्षेत्राचा त्याच रीतीने काढलेला आकडा असेल तरच तुलना होते.

बुडालेलं खर्चात धरा

समर्थक इथे हमखास चुकतात. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी लागले, हे ठळक सांगतात. पण चंद्रावर उतरण्याची विद्या ७ सप्टेंबर २०१९ च्या अपयशातूनही आली, आणि चांद्रयान-२ ला ९७८ कोटी लागले होते. दोन्ही मिळून १,५९३ कोटी धरा. त्याचवेळी चांद्रयान-२ चा चंद्राभोवती फिरणारा कक्षायान भाग चालू राहिला आणि पुढच्या यानाला संदेशवहनासाठी उपयोगी पडला, म्हणून ते सगळे ९७८ कोटी बुडीत धरणंही अन्यायाचं. माणशी अकरा-साडेअकरा रुपयांत दक्षिण ध्रुवाजवळ उतरणं, आमच्या मते हा खर्च योग्य आहे. चंद्राच्या मातीची माहिती बाजारात विकली जात नाही. तिची किंमत रुपयात काढायचा प्रयत्न करू नका, "एवढ्या खर्चात नवं काय कळलं" एवढंच त्या पानावर लिहा.

दिशादर्शनाच्या पानावर मात्र लाल शाई जास्त लागते. नाविक या जीपीएससारख्या भारतीय मालिकेतल्या अनेक उपग्रहांची आण्विक घड्याळं बंद पडली. ३१ ऑगस्ट २०१७ ला उष्णतारोधक कवच न उघडल्याने एक उपग्रह गेला. जानेवारी २०२५ मध्ये उडालेला एनव्हीएस-०२ इंजिनाची झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. प्रक्षेपकाच्या पानावरही लाल शाई आहे: १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेट तिसऱ्या टप्प्यात फसलं आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह गमावला. हे सगळं खर्चात धरूनच निकाल लावा. एखादा उपग्रह जाणं हा या कामातला धोकाच आहे. तेच तेच बिघाड पुन्हा होत असतील, आणि चौकशी अहवाल लोकांपुढे येत नसतील, तर जाब विचारायला हवा.

मानवी उड्डाणाचं पान आम्ही अजून उघडंच ठेवलं आहे. २०१८ मध्ये गगनयानाला ९,०२३ कोटी मंजूर झाले, माणूस २०२२ पर्यंत जाणार होता. सप्टेंबर २०२४ मध्ये आकडा २०,१९३ कोटी झाला. यात अवकाशस्थानकाचा पहिला भाग आणि जास्तीची उड्डाणं धरली आहेत, त्यामुळे खर्च दुपटीहून वाढला असं सरळ म्हणणं चूक. पण माणसाशिवाय होणार नाही असं कोणतं काम तिथे करायचं आहे, याचं उत्तर या पानावर एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. आम्हाला ते अजून समाधानकारक लिहिता आलेलं नाही.

शेवटचा टप्पा: बांधापर्यंत पोचलं का

खरीप २०२३ पासून पीक विम्यात भात आणि गव्हाच्या उत्पन्नाचा अंदाज काढताना तंत्रज्ञानाधारित अंदाजाला ३० टक्के वजन द्यायचं ठरलं. आपल्याकडची मुख्य पिकं ज्वारी, तूर, ऊस, डाळिंब. मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याला त्या यादीतून काय मिळालं? उपग्रह वर आहे, चित्र आहे, पण त्याच्या पिकापर्यंत ती यंत्रणा आली का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

केंद्राच्या कार्यालयासाठी अर्ज केंद्राच्या आरटीआय संकेतस्थळावर, शुल्क १० रुपये, अर्ज ५०० शब्दांच्या आत. राज्याच्या कार्यालयासाठी १५० शब्द आणि एका अर्जात एकच विषय. उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. "का केलं नाही?" असं विचारू नका, माहिती अधिकारी कारणं तयार करून द्यायला बांधील नसतो. कागद मागा. उदाहरणार्थ: "सप्टेंबर २०२५ मधील सीना नदीच्या पुराचे सोलापूर जिल्ह्याचे उपग्रहाधारित नकाशे कोणत्या तारखांना तयार झाले आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला कोणत्या तारखेस पाठवले, त्या पत्रांच्या प्रती द्याव्यात." हा अर्ज हैदराबादच्या सुदूर संवेदन केंद्राला करा. तसाच दुसरा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाला: नकाशे कधी मिळाले, कोणत्या तहसीलदारांकडे गेले. दोन उत्तरांतल्या तारखांमधलं अंतर हे आपल्या जिल्ह्यातल्या गळतीचं माप आहे. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने जिल्ह्यासाठी कोणते नकाशे केले, त्याची यादीही याच पद्धतीने मिळवता येते. प्रक्षेपकाच्या आतल्या तपशिलांबद्दल किंवा संरक्षणाच्या उपग्रहांबद्दल विचारलं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ खाली नकार येईल, तिथे वेळ घालवू नका.

पाचही पानांवर निकाल लिहिताना आकड्याशेजारी त्याचं वर्ष आणि तो मूळ अंदाज, सुधारित की प्रत्यक्ष, हे लिहा. २०२५-२६ चा प्रत्यक्ष खर्च फेब्रुवारी २०२७ च्या अर्थसंकल्पात येईल. तोपर्यंत वरचा १३,४१६ कोटींचा आकडा आणि त्यावरून काढलेले सगळे भागाकार पेन्सिलनेच लिहून ठेवा.